पिग्मीला अंगठा चालला, कर्जाला का चालत नाही? सोलापुरातलं एक प्रकरण

हे प्रकरण माझ्या घरातलं आहे हे आधीच सांगतो. अक्का माझी सख्खी मोठी बहीण. मी वकील नाही, सिद्धेश्वर पेठेत माझं डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान आहे, लोकांचे अर्ज, ॲफिडेव्हिट, भाडेकरार टाइप करून देतो, त्यामुळं कुठला कागद कुठल्या टेबलावर जातो एवढं मला कळतं. पण घरात बहीण अंध असून दिव्यांग हक्काचा कायदा मी कधी उघडून वाचला नव्हता, त्याचं मला आज खरंच वाईट वाटतं. सगळं सविस्तर लिहितोय कारण असंच प्रकरण दुसऱ्या कुठल्या तरी गावात आत्ता चालू असणार, आणि आमचे जे दिवस चुकीच्या दारात गेले ते त्यांचे जाऊ नयेत.

अक्काची नजर चौथीत असताना गेली. काचबिंदू होता, कळेपर्यंत उशीर झाला. आम्ही पद्मशाली, घरात तेलुगू बोलतो, आई विड्या वळायची, वडील मागावर होते. दाजी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आहेत. अक्का गेली आठ वर्षं शेंगा चटणी करून विकते. दाणे भाजताना वास जरा बदलला की कढई उतरवते, तिखट-मिठाचा अंदाज मुठीनं घेते, फोनवर टॉकबॅक, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारी सोय, लावून व्हॉट्सॲपवर ऑर्डरी घेते, आणि हुतात्मा नाहीतर सिद्धेश्वर एक्सप्रेसनं जाणाऱ्या ओळखीच्या लोकांबरोबर तिची पाकिटं पुण्या-मुंबईला जातात. कुटायचं काम मात्र अजून उखळातच होतं, दोन बायका लावून. दिवाळीत ऑर्डरी परत पाठवायची वेळ आली तेव्हा तिनं ठरवलं की गड्ड्याच्या, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या, आधी कुटायचं मशीन घ्यायचं. किंमत ६० हजार.

घराजवळच्या एका पतसंस्थेत तिची सहा वर्षं पिग्मी आहे, रोज ५० रुपये. पिग्मीवाला दादा संध्याकाळी दारात येतो, ती पैसे देते, तो कार्डावर लिहितो. मधे पोरीच्या ॲडमिशनला काढले तरी ३८ हजार शिल्लक होते. म्हणजे ही काही अनोळखी गिऱ्हाईक नव्हती. कर्जाचा फॉर्म घेऊन आम्ही दोघं गेलो, मॅनेजरनी चहा पाजला, बोलणं अगदी गोड, आणि मग म्हणाले, ताई, तुम्ही कुठं सही केली ते तुम्हाला दिसणार नाही, उद्या तुम्ही म्हणाल मी केलीच नाही तर आम्ही काय करायचं, त्यापेक्षा मिस्टरांच्या नावावर घ्या, एका दिवसात मंजूर करतो. अक्का शांतपणे म्हणाली, "साहेब, सहा वर्षं पैसे घेताना माझा अंगठा चालला की ओ. देताना का चालत नाही?"

ते काही बोलले नाहीत. रेकॉर्डला राहावं म्हणून मी लेखी नकार मागितला, तोही दिला नाही.

घरी आल्यावर आई म्हणाली घे की दाजींच्या नावावर, घरातलंच आहे. दाजी पण तयार. आणि खरं सांगायचं तर मी पण तेच म्हणलं, गड्डा जवळ आलाय, कशाला अडून बसायचं. अक्का एवढंच म्हणाली की धंदा माझा, मशीन माझं, हप्ते मी भरणार आणि कर्जदार दुसरा, मग पुढच्या वेळी मोठं कर्ज मागायला गेले की म्हणतील तुमचा काही रेकॉर्डच नाही. हे मला तोपर्यंत सुचलंच नव्हतं. डोळस माणसाला नाव दुसऱ्याचं लावणं ही सोय वाटते, आणि ज्याचं नाव पुसलं जातं त्याचा हिशोब वेगळा असतो.

मी नेटवर शोधलं तर रिझर्व्ह बँकेचं ४ जून २००८ चं परिपत्रक सापडलं. अंध ग्राहकांना चेकबुक, एटीएम, लॉकर, नेट बँकिंग, किरकोळ कर्ज, क्रेडिट कार्ड अशा सगळ्या सोयी काही भेदभाव न करता द्यायच्या, असं त्यात आहे. मला वाटलं झालं काम. प्रिंट काढून गेलो. मॅनेजरनी ते नीट वाचलं आणि म्हणाले, आम्ही बँक नाही, पतसंस्था आहोत, रिझर्व्ह बँकेचं हे आम्हाला लागू नाही.

आणि त्यांचं बरोबर होतं. नागरी सहकारी बँक रिझर्व्ह बँकेखाली येते पण पतसंस्था राज्याच्या सहकार खात्याखाली, महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खाली. आपण बोलताना दोन्हीला बँकच म्हणतो, पण अंध माणसाच्या दृष्टीनं मधे केवढी दरी आहे बघा. बँकेनं नकार दिला तर रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत, आधी बँकेत लेखी तक्रार, ३० दिवसांत समाधान झालं नाही तर ग्राहकांच्या तक्रारी ऐकणारा रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे. पतसंस्थेनं दिला तर यातलं काहीच नाही. आणि सोलापुरात विडी कामगार, मागावरचे, भाजीवाले यांचा पैसा कुठं असतो? पिग्मीतच की.

अशोक चौकाजवळ एक काका राहतात, रिटायर्ड क्लार्क, साखरेनं डोळ्याचे पडदे गेले आणि बावन्नाव्या वर्षी दिसणं बंद झालं. त्यांच्याकडं दर रविवारी सात-आठ अंध माणसं जमतात, अक्का पण जाते. काका कॉम्प्युटरवर एनव्हीडीए वापरतात, ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी बनवलेलं, स्क्रीनवरचं बोलून सांगणारं स्क्रीन रीडर आहे, फुकट मिळतं. आम्ही तिथंच कायदा वाचायला बसलो. इथं एक सांगायलाच पाहिजे, आम्हाला आधी मिळालेली मराठी पीडीएफ ही स्कॅन केलेला फोटो होती, काकांचं मशीन नुसतं 'ग्राफिक, ग्राफिक' म्हणत होतं. अंधांच्या हक्काचा कायदा अंधालाच वाचता येईना. शेवटी सरकारच्या इंडिया कोड या कायद्यांच्या वेबसाइटवरचा इंग्रजी मजकूर घेतला, मी मोठ्यानं मराठीत सांगत गेलो, आणि मग तीन रविवार बसून हवी ती कलमं मीच काकांच्या मशीनला वाचता येतील अशी युनिकोडमधे टाइप करून दिली.

२०१६ चा हा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम. भारतानं संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्कांच्या करारावर २००७ साली सही केली, त्याच वर्षी १ ऑक्टोबरला तो मान्य केला, त्यामुळं १९९५ चा जुना कायदा बदलणं भागच होतं. पण बिल संसदेत यायला २०१४ उजाडलं. मग ते समितीकडं गेलं, आणि डिसेंबर २०१६ मधे नोटबंदीवरून दोन्ही सभागृहं बंद पडत असताना हे एक बिल मात्र सगळ्या पक्षांनी मिळून १४ तारखेला राज्यसभेत आणि १६ ला लोकसभेत पास केलं. देशभरातल्या अंध-अपंग संघटना त्यासाठी वर्षानुवर्षं दिल्लीच्या वाऱ्या करत होत्या. काका हे सांगताना दरवेळी जरा थांबतात, कारण १९९५ चा कायदा झाला तेव्हा ते डोळस होते आणि ऑफिसात त्याच कायद्याच्या फायली बांधत होते.

या कायद्याचं कलम १३ म्हणजे अक्काचं प्रकरणच आहे. दिव्यांग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीनं मालमत्ता बाळगण्याचा, स्वतःचे पैशाचे व्यवहार स्वतः सांभाळण्याचा, बँक कर्ज, गहाण आणि इतर प्रकारचा पतपुरवठा मिळण्याचा हक्क आहे, आणि तो मिळतोय हे सरकारनं बघायचं आहे. इतर प्रकारचा पतपुरवठा, म्हणजे पतसंस्था आलीच. शिवाय कलम २ मधल्या खाजगी आस्थापनेच्या व्याख्येत सहकारी संस्था असा शब्दच आहे. याच कलमात आणखी एक गोष्ट आहे जी वाचून दाजी पण गप्प झाले: मदत करणाऱ्या माणसाचं आणि दिव्यांग व्यक्तीचं हित एखाद्या व्यवहारात एकमेकांच्या आड येत असेल तर मदत करणाऱ्यानं त्या व्यवहारातून बाजूला व्हायचं.

सहीचं पण बघितलं. १८७२ च्या करार कायद्यात करार कोण करू शकतो ते लिहिलंय: वय पूर्ण पाहिजे, डोकं ठिकाणावर पाहिजे, दुसऱ्या कुठल्या कायद्यानं अपात्र ठरवलेलं नको. डोळ्याचा उल्लेख नाही. ज्याला लिहिता येत नाही त्याची खूण ही सही धरायची, हे १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टमधे आहे. म्हणजे अंध माणसाला कर्ज देऊ नका असं कुठल्याच कागदावर नाही, ते नुसतं मॅनेजरच्या मनात आहे.

मग आम्हाला जोर चढला आणि इथंच आमची मोठी चूक झाली. आम्ही नऊ जणांनी मिळून सात पानी निवेदन केलं, १४ मागण्या. कर्ज होतं, पेन्शन होती, एसटी पासचं होतं, सात रस्त्याच्या फुटपाथवरच्या गाड्या होत्या, परीक्षेतल्या लेखनिकाचं होतं, सगळं खरं आणि सगळं महत्त्वाचं. आमच्या भागाच्या आमदारांकडं गेलो, हार-तुरे काही नाही, निवेदन दिलं, फोटो काढला. आमदारांनी दहा मिनिटं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "यातलं मी नेमकं काय करू?" आम्ही एकमेकांच्या तोंडाकडं बघितलं. कुणी म्हणलं नवीन कायदा करा, कुणी म्हणलं बँकांना दम द्या. ते म्हणाले बँका केंद्राकडं, त्यावर विधानसभेत कायदा होत नाही.

निघताना त्यांच्या पीएनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, दादा, एक पान आणा, एक मागणी, वर खातं लिहा, कुठल्या कलमाखाली मंत्र्याला अधिकार आहे ते लिहा, मग प्रश्न टाकता येतो, लक्षवेधी, म्हणजे मंत्र्यांना सभागृहात उत्तर द्यायला लावणारी सूचना, लावता येते, सात पानं टपालात जातात. नागपूर अधिवेशनाच्या प्रश्नांची मुदत संपली होती म्हणून आता मार्चमधलं बजेट अधिवेशन धरा असंही त्यांनी सांगितलं. वेळापत्रक माहीत नसलं की तीन महिने असे जातात. ती १४ मागण्यांची यादी करताना आम्ही आमची सगळी दुखणी मांडली होती पण समोरच्याच्या हातात काय आहे याचा विचार केला नव्हता, हे मला त्या दिवशी कळलं.

गड्डा आला आणि गेला. अक्कानं उखळात कुटूनच स्टॉलवाल्यांना चटणी दिली, अर्ध्या ऑर्डरी सोडून. नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या दिवशी आम्ही सगळे रस्त्यावर उभे होतो, ती हलगीचा आवाज ऐकत होती आणि मधेच म्हणाली, ७९ चं काय झालं रे?

ते ७९ असं. राज्याच्या हातात नेमकं काय आहे हे मी रोज शोधत होतो. सहकारी संस्था हा विषय घटनेच्या राज्य सूचीत आहे एवढं कळलं होतं, पण पतसंस्थांना आदेश कशाखाली काढायचा हे सापडत नव्हतं. एक दिवस दुकानात जुळे सोलापूरचे एक गृहस्थ आले, त्यांचा पुण्यात फ्लॅट आहे आणि ती सोसायटी रिडेव्हलपमेंटला चाललीय, त्याचा हरकत अर्ज टाइप करायचा होता. त्यात दर दोन ओळींनी ७९अ, ७९अ. म्हणलं काका हे काय आहे, तर म्हणाले सहकार कायद्यातलं कलम आहे, सार्वजनिक हितासाठी सरकार सहकारी संस्थांना निर्देश देऊ शकतं, रिडेव्हलपमेंटचे नियम त्यातूनच आले. मी टाइप करायचा थांबलो. सोसायटी पण सहकारी संस्था, पतसंस्था पण सहकारी संस्था, कायदा तोच १९६० चा!

त्या रात्री एक पान तयार झालं. विषय: पतसंस्थांमधे अंध सभासदांना कर्ज व खाते नाकारण्याबाबत. खाते: सहकार. मागणी एकच: सहकार विभागानं कलम ७९अ खाली सगळ्या पतसंस्थांना निर्देश द्यावेत की दिव्यांग हक्क अधिनियमाच्या कलम १३ प्रमाणे अंध सभासदाला अंधत्वाच्या कारणावरून खातं, ठेव, कर्ज नाकारू नये किंवा दुसऱ्याचं नाव लावायची सक्ती करू नये, अंगठा किंवा सही धरावी, करारपत्र सभासदाच्या भाषेत वाचून दाखवावं, आणि नकार द्यायचा तर कारणासह लेखी द्यावा. खाली अक्काचं प्रकरण आठ ओळीत. सोबत पिग्मी कार्डाची झेरॉक्स आणि रिझर्व्ह बँकेचं २००८ चं परिपत्रक, नमुना म्हणून.

लेखी नकाराची अट अक्कानं घालायला लावली. ती म्हणाली बाकी सगळं ते तोंडानं टाळतील, कागदावर कारण लिहायला लागलं की हात थांबतो. मला आजही वाटतं त्या पानातली सगळ्यात कामाची ओळ तीच आहे.

आमदारांनी दोन गोष्टी केल्या. सहकार मंत्र्यांना पत्र दिलं आणि त्याची प्रत सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांना. शिवाय बजेट अधिवेशनासाठी प्रश्न दिला. प्रश्न तोंडी उत्तरापर्यंत पोचला नाही, प्रश्नोत्तराचा तास एकच असतो आणि २८८ आमदारांचे प्रश्न असतात, हे आधी माहीत असतं तर आम्ही एवढी आशा लावली नसती. पत्राचा मात्र परिणाम झाला. फेब्रुवारीच्या शेवटी पतसंस्थेतून फोन आला की संचालक मंडळासमोर या. अक्का, मी आणि काका गेलो.

तिथं अक्काच बोलली, आम्ही नुसते बसलो. एका संचालकांनी विचारलं की कागदावर काय लिहिलंय ते तुम्हाला कसं कळणार. ती म्हणाली तुमचा माणूस वाचेल, मी फोनवर रेकॉर्ड करेन, तुम्ही पण करा, म्हणजे उद्या मी म्हणले सही केली नाही तर तुमच्याकडं आवाज आहे. हा मुद्दा त्यांना पटला कारण त्यात त्यांचाही बचाव होता. दोन जामीनदार मागितले, जे ते सगळ्यांनाच मागतात, ते दिले. ज्या जादा अटी फक्त तिला लावत होते त्या गेल्या. तसा ठराव झाला आणि मार्चमधे अक्काच्या नावावर ६० हजार मंजूर झाले.

मशीन आलं. आता अडचण अशी की हा ठराव त्या एका पतसंस्थेचा आहे. पुढच्याच रविवारी काकांकडं विजापूर रोडचे एक मालिशवाले दादा पासबुक घेऊन आले, दुसरी पतसंस्था, तेच उत्तर, बायकोच्या नावावर घ्या. म्हणून ७९अ चा निर्देश निघेपर्यंत आमचं काम झालं असं मी म्हणणार नाही. आता विधिमंडळाच्या विनंती अर्ज समितीकडं अर्ज करायची तयारी चालू आहे. तिथं सामान्य माणसाचा अर्ज आमदारामार्फत सादर होतो आणि समिती खात्याच्या सचिवांना बोलावून विचारू शकते. दादांचं प्रकरण त्यात जोडलंय, अजून चार-पाच पाहिजेत, सोलापूर जिल्ह्यात विधानसभेचे ११ मतदारसंघ आहेत, बार्शी, पंढरपूर, सांगोल्याकडं कुणाचं असं झालं असेल तर नकाराची तारीख आणि पासबुकाचं पहिलं पान जपून ठेवा.

केंद्राकडचा भाग वेगळा आहे आणि त्यावर मला जास्त बोलायचंय, कारण तिथं कायद्यातच भोकं आहेत. दिव्यांग आयुक्त, दिल्लीचे मुख्य आणि पुण्याचे राज्याचे, यांच्याकडं तक्रार केली की ते चौकशी करतात, साक्षीदार बोलवायला त्यांना दिवाणी कोर्टासारखे अधिकार आहेत. एवढं सगळं करून शेवटी काय देतात? शिफारस. मुख्य आयुक्तांसाठी कलम ७६ आणि राज्याच्या आयुक्तांसाठी कलम ८१ म्हणतं की शिफारस मिळालेल्या संस्थेनं तीन महिन्यांत काय केलं ते कळवायचं, आणि मानायची नसेल तर कारण कळवायचं. कारण कळवलं की सुटले. दुसरं, तक्रार निवारण अधिकारी नेमायची सक्ती कलम २३ मधे फक्त सरकारी आस्थापनांना आहे, तीही नोकरीतल्या भेदभावाच्या तक्रारींसाठी, खाजगी बँक, पतसंस्था, कंपनी यांना नाही. म्हणजे अक्कासारखीनं संस्थेच्या आत तक्रार कुणाकडं करायची याचं उत्तर कायदा देत नाही.

शिफारस या शब्दानं किती नुकसान होतं ते सुप्रीम कोर्टानंच सांगितलंय. राजीव रतुरी हे अंध याचिकाकर्ते, रस्ते, इमारती, गाड्या अंधांना वापरता याव्यात म्हणून २००५ साली कोर्टात गेले, २०१७ ला निकाल लागला, तरी काम हलेना. शेवटी ८ नोव्हेंबर २०२४ ला कोर्टानं सांगितलं की कायदा सोयी सक्तीच्या करतो आणि त्याखालचा नियम १५ मात्र मार्गदर्शक सूचनांसारखा लिहिलाय, हे चालणार नाही, तीन महिन्यांत सक्तीचे नियम करा. पुढं ३० एप्रिल २०२५ ला प्रज्ञा प्रसून आणि अमर जैन यांच्या प्रकरणात, जिथं ॲप डोळे मिचकवा म्हणतं आणि अंध किंवा ॲसिड हल्ल्यातल्या माणसाला ते जमत नाही, त्यात कोर्टानं डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग धरला आणि केवायसी, म्हणजे ग्राहकाची ओळख पडताळणी, याबद्दल २० निर्देश दिले. दोन्ही निकाल चांगलेच आहेत, पण एका माणसाचं अख्खं आयुष्य कोर्टात घालून एक शब्द सरळ करून घ्यावा लागतो हे मला सहन होत नाही. तो शब्द नियम लिहितानाच सरळ लिहिता आला असता. म्हणून नियमांचा मसुदा होतो किंवा बिल समितीत असतं तेव्हा आपली माणसं तिथं पाहिजेत, प्रत्येक खासदाराकडं एक पान पाहिजे.

आमचं खासदारांसाठीचं पान अजून पूर्ण झालेलं नाही. कलम २३ सोपं निघालं, 'शासकीय आस्थापना' मधला 'शासकीय' काढायचा आणि नोकरीसोबत ग्राहकांच्या तक्रारी पण घालायच्या, मग सगळेच येतात. लहान संस्थांवर बोजा पडेल असं काका म्हणतात, त्यांना सूट द्यायची तर किती माणसांपर्यंतच्या संस्थेला द्यायची यावर एक रविवार गेला. कलम ७६ वर मात्र दोन मतं आहेत. काकांना आयुक्ताची शिफारस सरळ आदेश म्हणून हवी आहे. अक्का म्हणते आदेश म्हणलं की ते वकील लावून कोर्टात जातील आणि आपण परत तारखा मोजत बसू. तिचं म्हणणं असं की शिफारस मान्य नसेल तर ६० दिवसांत कोर्टात जायचं काम त्या संस्थेनं करायचं, नाही गेली तर ती आपोआप लागू झाली असं लिहा, म्हणजे चपला झिजवायच्या त्या त्यांनी. काकांनी यावर बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, हे लिही. ते वाक्य कायद्याच्या भाषेत बसवायचं काम माझ्याकडं आहे, या रविवारी वाचून दाखवायचंय.